गाडीत बोलू

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना कुणा शिक्षिकेला रागवायचं असलं, की त्या तिचं रेल्वेचं तिकीट काढायच्या.

इतर शाळांत शिक्षकांना केबिनमध्ये बोलावतात. आमच्याकडे केबिनचं बोलावणं आलं तर कुणी घाबरायचं नाही. तिथं फार तर खडूंचा, पेपर तपासणीचा, नाहीतर गॅदरिंगच्या पडद्यांचा विषय निघायचा. पण बाई व्हरांड्यात समोरून येऊन थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शनिवारी शाळा सुटल्यावर मोकळी आहेस का गं?" की ऐकणारी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायची. शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की बाई तिला रिक्षात घालून सोलापूर स्टेशनला न्यायच्या, दोघींची तिकिटं काढायच्या आणि दुपारच्या पॅसेंजरमध्ये समोरासमोर बसून होटगी येईपर्यंत तिची अशी हजेरी घ्यायच्या, की पुन्हा वर्गावर उशिरा जायची तिची छाती व्हायची नाही. होटगी गेलं की विषय संपला. मग शेंगा घ्यायच्या, अक्कलकोट रोडला उतरून चहा प्यायचा, आणि परतीच्या गाडीत पोराबाळांची चौकशी. सोमवारी शाळेत त्या बोलण्याचा मागमूस नसायचा.

"चार भिंतींत बोललेलं भिंतींना चिकटतं," बाई म्हणायच्या. "मग रोज जाता-येता दिसत राहतं. गाडीत बोललेलं मागं पडतं. टिकेकरवाडीला बोललेलं टिकेकरवाडीलाच राहतं."

आणि हे फक्त रागवण्यापुरतं नव्हतं. महत्त्वाचं काहीही त्यांना घरात किंवा शाळेत बोलताच यायचं नाही. शिपायाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आलं, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना त्यांनी कुर्डुवाडीच्या गाडीत बसवलं. माढा यायच्या आत व्याही एकमेकांना तंबाखू देत होते. "गाडीत बोलू" हे त्यांचं पालुपदच होतं. एकदा संस्थेच्या अध्यक्षांनी वर्गखोल्यांचा काहीतरी नाजूक विषय काढला, तर बाई म्हणाल्या, "हे आपण गाडीत बोलू." अध्यक्ष लगेच उठून ड्रायव्हरला मोटार काढायला सांगायला लागले. पुढच्या शनिवारी मात्र ते मोहोळपर्यंत खिडकीशी बसून आले, आणि वर्गखोल्याही झाल्या.

बाई उंच, शेलाट्या. नेहमी इरकल साडी, केस घट्ट अंबाड्यात, खांद्याला एक खाकी पिशवी. लग्न केलेलं नव्हतं. माहेर सोलापूरच्या खाली, कर्नाटकात, इंडीजवळच्या खेड्यात. त्यामुळे घरचं बोलणं कन्नड, शाळेचं मराठी. वडील देवळात पूजेला असायचे. नात्यागोत्यात रेल्वेत कुणीच नव्हतं. इंजिनांचे प्रकार, वेग, डब्यांचे कारखाने असलं काही बाईंना ठाऊक नव्हतं, जाणून घ्यायचीही इच्छा नव्हती. त्यांना गाडीत बसायला आवडायचं, एवढंच. मालगाडीला तर त्या गाडी मानायच्याच नाहीत. "ते गोदाम आहे. चाकं लावलेलं." निवृत्तीच्या आधी त्यांनी रेल्वे लाइन्स भागात दोन खोल्या घेतल्या. का, तर पत्त्यात रेल्वे येतं. खिडकीतून रूळ दिसायचे नाहीत, समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसायची. तरी कुणी पत्ता विचारला की त्या मोठ्या अभिमानानं सांगायच्या.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. बाईंनीच मला घेतलं. नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर, सहाव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. रजा संपवून मी शाळेत आले तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्याजणी माझ्याशी दवाखान्यात बोलावं तसं बोलायला लागल्या. देवाची मर्जी, वय आहे अजून, विचार करू नकोस. बाई मात्र शुक्रवारी व्हरांड्यात थांबल्या.

"उद्या मोकळी आहेस का गं?"

मला रागच आला. आता ह्या मला कशाबद्दल बोलणार होत्या?

त्यांनी दुधनीची तिकिटं काढली. होटगी गेलं, तिलाटी गेलं. बाई खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसल्या होत्या. अक्कलकोट रोड सोडल्यावर त्यांनी विचारलं, "नाव ठरवलं होतंस?"

घरात, दवाखान्यात, माहेरी, कुणी मला हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बाईंनी ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं होतं." मग मी रडले. बोरोटी मागं पडेपर्यंत रडत होते. शेजारी एक म्हातारी बसली होती, ती घाबरून बाईंना कन्नडमध्ये काहीबाही विचारायला लागली. बाईंनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारीनं आपलं गाठोडं सोडलं, अर्धी भाकरी मोडली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ती मी खाल्ली. ते नाव मी त्यानंतर कुणाला सांगितलेलं नाही. इथंही सांगणार नाही.

त्या दिवसापासून मी बाईंच्या शनिवारच्या गाडीची झाले. त्या निवृत्त झाल्या तरी शनिवार चुकला नाही. अशी आणखी दोन माणसं होती. एक चाचा. विजापूर वेशीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं एवढंसं दुकान. दुसरे तात्या, पोस्टात कारकून, गाव मोडनिंब. दोघंही कधीतरी बाईंच्या समोरच्या बाकावर येऊन बसले आणि उठलेच नाहीत. आमच्या मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. वर्षातून एक मोठी सहल मात्र ठरलेली, पाडव्यानंतरच्या रविवारी. सोलापूरहून कुर्डुवाडी, तिथं गाडी बदलून मोडनिंब. तात्यांच्या घरून स्टेशनवर शिदोरी यायची: ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. फलाटावरच्या लिंबाखाली जेवायचं आणि परतीच्या गाडीनं यायचं. गावात जायचं नाही, काही बघायचं नाही. तात्यांची बायको दरवर्षी म्हणायची, "अवो, घर हितं हाकंच्या अंतरावर हाय की! घरी येऊन जेवा." बाई दरवर्षी म्हणायच्या, "घर काय, कुठं पळून जातंय?"

घराच्या बाबतीत बाईंचं हे असंच होतं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, इंडीला शेती बघणारा. महिन्यातून एकदा बाई विजापूरच्या गाडीनं इंडीला जायच्या. भाऊ फलाटावर उभा असायचा. तो गाडीत चढायचा, दोघं निंबाळपर्यंत जायची, तिथून उलट्या गाडीनं परत. भाऊ इंडीला उतरायचा, बाई सरळ सोलापूरला. त्या घराचा उंबरा त्यांनी कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता. मी एकदा कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "भावजयीशी माझं जमत नाही." आणि लगेच खिडकीतून शेंगावाल्याला हाक मारली.

मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले आहे. भाऊ काळासावळा, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, अतिशय लाजाळू. बहिणीच्या समोर बसला की एखाद्या विद्यार्थ्यासारखा बसायचा. पण गाडी सुटली की दोघं जी कन्नडमध्ये सुरू व्हायची, ती एकमेकांचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाहीत. वडिलांना मुलीनं पुढं शिकणं पसंत नव्हतं; तेव्हा हाच भाऊ, वयानं एवढासा, तिला सायकलच्या दांडीवर बसवून पहाटेच्या गाडीला सोडायचा, आणि घरी विचारलं तर ती मळ्यात गेलीय म्हणून सांगायचा. हे त्यानंच मला सांगितलं, मोडक्या मराठीत. बाई त्याला गप्प करत होत्या आणि हसत होत्या.

मग ती महामारी आली.

पाडव्याच्या तोंडावर सगळं बंद झालं. सहलीचा रविवार आठवड्यावर आला होता. सुरुवातीला आम्हाला ते सुट्टीसारखंच वाटलं. आज ना उद्या गाड्या सुरू होतील. पण बाईंना पहिल्या दिवसापासून करमेना. पासष्टीच्या पुढच्यांनी बाहेर पडायचं नाही, असा नियम. त्यांनी तो काटेकोर पाळला. रोज सकाळी फोन करून मला विचारायच्या, "काही कळलं का गाड्यांचं?" जसं काही मला स्टेशनमास्तर आधी कळवणार होते.

सहल रद्द करायची नाही, असं चाचांच्या डोक्यातून निघालं. "फोनपे जाएंगे, बाई. सब मिलके." ठरल्या रविवारी मी चौघांचे फोन एकत्र जोडले. बाई त्यांच्या खोलीत, चाचा त्यांच्या घरी, तात्या बंद व्हायच्या आधी गावी पोचले होते ते मोडनिंबला, मी माझ्या गच्चीवर.

"सुटली का गाडी?" बाईंनी विचारलं.

"सुटली," मी म्हटलं.

"बाई, मैं खिडकीकने बैठूं क्या?" चाचा म्हणाले.

"तुमच्या घरात तुम्ही कुठंही बसा हो."

बाळे गेलं, पाकणी गेलं. कोण कुठं काय बघतंय ते सांगत होतं. चाचांना उसाचे ट्रॅक्टर दिसले, मला बगळे दिसले. तेवढ्यात बें बें सुरू झालं.

"डब्यात शेळ्या कुणी आणल्या?" बाई कडाडल्या.

"आमच्याच हायती की, बाई. दावणीला हायती. कुटं निऊ आता?" तात्या म्हणाले.

आम्ही इतकं हसलो, की खालून सासूबाई गच्चीवर आल्या. पण मोहोळच्या आसपास चाचांचा आवाज तुटायला लागला, तात्यांचा फोन गेला, शेळ्याही गेल्या. मी पुन्हा जोडायला लागले, तर बाई म्हणाल्या, "राहू दे गं. फोनमध्ये वारा लागत नाही. मी इथंच उतरते." आणि फोन बंद झाला.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका सकाळी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

"माझा भाऊ गेला. काल. मळ्यात बसल्या जागी. हार्ट." मी काही म्हणायच्या आत त्यांनी पुढं विचारलं, "तुमचे ऑनलाइन वर्ग कसे चाललेत? मुलींकडे फोन आहेत का?"

मी हातातलं टाकून त्यांच्या फाटकाशी गेले. त्या दारात उभ्या राहून बोलल्या, मी बाहेर. राज्याची हद्द बंद होती. भाच्यानं कळवल्यावर त्यांनी पाससाठी खटपट केली, ओळखीच्या दोघातिघांना फोन केले. पण पास हातात येईपर्यंत तिकडं माती झालीसुद्धा होती. त्या मातीला फार माणसं नव्हती. हे सगळं बाईंनी नोटीस वाचून दाखवावी तसं सांगितलं. मी म्हटलं, "बाई, आत येऊ का?"

"नको. तुझ्या घरी म्हातारं माणूस आहे."

त्यानंतर बाई मिटल्या. मी एक दिवसाआड डबा घेऊन जायचे. डबा घ्यायच्या, धुऊन ठेवलेला आधीचा द्यायच्या. खाल्लं का, तर हो. झोप लागते का, तर हो. चाचांनी एकदा फोनवर त्यांना मुद्दाम चुकीचं काहीतरी सांगितलं, की होटगी आणि तिलाटीच्या मध्ये बोरोटी लागतं. बाईंनी दुरुस्त केलं नाही. चाचांनी घाबरून मला फोन केला. "बाई बोलीं, लगता होगा. ऐसा कैसा बोलीं वो? कुछ करो, बेटी."

मी एकदा फाटकापाशी अडून बसलेच. "बाई, बोला ना काहीतरी. किती दिवस मनात ठेवणार?"

त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "बोलायचंय गं. पुष्कळ बोलायचंय. पण इथं नाही होत. तोंडच उघडत नाही बघ."

मी तात्यांना फोन लावला. आपल्याला सुचत नाही ते खेड्यातल्या माणसाला सुचतं, असा माझा अनुभव आहे. तात्या म्हणाले, "रेल्वे न्हाय तर न्हाय. चाकं तर हायत की तुमच्याकडं? स्कूटर हाय न्हवं?"

स्कूटरवर मागं माणूस बसवला तर तेव्हा पोलीस अडवत होते. पावसाळा लागल्यावर ते थोडं सैल झालं. मी जाणार म्हटल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. त्यांना साखरेचा आजार. शेजारच्या गल्लीतलं एक धडधाकट माणूस आठवड्यात गेलं होतं. "त्या बाईंचं वय काय, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? काही आणलंस घरात म्हणजे?" त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मी स्कूटरची किल्ली परत खिळ्याला अडकवली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "त्या दुधनीला घेऊन गेल्या होत्या तुला, त्याच ना ह्या?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "तोंडाला दोन मास्क बांध. आणि आल्यावर बाहेरच आंघोळ कर." नवऱ्यानं आपलं जास्तीचं हेल्मेट पुसून दिलं.

बाईंना सकाळी घ्यायला गेले, तर त्या स्कूटरकडे बघून म्हणाल्या, "ही काय गाडी होय? हिला रूळ नाहीत, गार्ड नाही." पण पिशवी खांद्याला होती, आणि चपला घालूनच दारात आल्या होत्या.

होटगी रस्त्यानं आम्ही निघालो. बाई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, माझा खांदा धरून. विमानतळाची भिंत गेली, वस्ती मागं पडली, शेतं लागली. उडीद-मूग उगवून आले होते. होटगीच्या पुढं विजापूरची लाइन रस्त्याला आडवी येते, त्या फाटकापाशी मी स्कूटर थांबवली. गेटमन आम्हाला गाडीतून हात करणाऱ्या म्हणून ओळखत होता. केबिनमधून बाहेर येऊन म्हणाला, "लई दिवसांनी, बाई? हितं बी सुनं सुनंच हाय बघा. मालगाड्या तेवढ्या चालू. मानसांची गाडी कवा सुटतीय, देवालाच ठावं." मग त्यानं फाटक पाडलं. विजापूरकडून काहीतरी येत होतं.

मालगाडीच होती. लांबलचक, सिमेंटची. बाई स्कूटरवरून उतरल्या आणि फाटकाच्या लोखंडी दांड्याला हात लावून उभ्या राहिल्या. एकेक डबा धाडधाड करत समोरून चालला होता. जमीन हलत होती, साडीचा पदर उडत होता. ही लाइन इंडीवरून येते. ही गाडी त्यांच्या भावाच्या गावावरून, कदाचित त्याच्या मळ्याच्या कडेनंच आली असणार. शेवटच्या डब्यात गार्ड उभा होता, तोंडाला रुमाल बांधलेला. त्यानं आम्हाला हात केला. ज्या गाडीला बाई गोदाम म्हणायच्या, तिच्या गार्डला त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

फाटक उघडलं. पलीकडे जायचं आमचं काही काम नव्हतं.

"चल परत," बाई म्हणाल्या. "आणि हळू चालव. मला बोलायचंय."

त्या बोलल्या. होटगीपासून सोलापूरपर्यंत सबंध रस्ता त्या माझ्या पाठीशी बोलत होत्या. माझ्या कानांवर हेल्मेट, त्यांच्या तोंडावर मास्क, वारा समोरून, आणि मधूनच अंगावर येणारे ट्रक. मला तुकडे ऐकू येत होते. "सायकलवरून पडलो तेव्हा…" असं काहीतरी. मग "आईला न्यायचं होतं मला सोलापूरला, तर ही…" मग बराच वेळ कन्नड. एकदा त्या चक्क हसल्या. एकदा माझ्या खांद्यावरची बोटं इतकी रुतली, की मी वेग आणखी कमी केला. "मी काय दगड होते का गं?" हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं नाही. स्कूटर बाजूला घेऊन सांगावं, बाई, ऐकू येत नाहीये, परत सांगा, असं दोनदा मनात आलं. पण थांबले असते तर त्या गप्प झाल्या असत्या. मी नुसती मान हलवत राहिले आणि चालवत राहिले. गाव जवळ आलं तशी मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं वळले. बाई बोलतच होत्या.

त्यांच्या फाटकाशी थांबलो. बाईंनी हेल्मेट काढलं, अंबाडा नीट केला. डोळे लाल होते, पण चेहरा पूर्वीचा होता.

"चांगलं जाड आहे हे," माझ्या हेल्मेटवर टिचकी मारत त्या म्हणाल्या. "आत काही ऐकू येत नसेल, नाही?"

"फारसं नाही आलं, बाई."

"तेच बरं," त्या म्हणाल्या. "डबा आणलास का? भूक लागलीय मला."

त्या दुपारी त्यांनी चाचांना फोन करून बोरोटी नेमकं कुठं लागतं ते ऐकवलं, आणि इतक्या वर्षांत हे कळत नसेल तर गाडीत बसूच नका, म्हणून सांगितलं. चाचा मला फोनवर म्हणाले, "बाई चिडीं, बेटी! बराबर चिडीं!"

गाड्या पुन्हा सुटायला लागल्या तेव्हा त्या फक्त आरक्षण असलेल्यांसाठी होत्या. बाईंनी चौघांचं आरक्षण करायला लावलं. इंडीला जाऊन यायचं, भावाच्या गावाची हवा तेवढी घ्यायची, परतीच्या गाडीनं संध्याकाळच्या आत घरी. तात्या मोडनिंबहून आदल्या दिवशीच येऊन राहिले. गाडीत प्रत्येक बाकावर एकेक माणूस, सगळ्यांची तोंडं बांधलेली. शेंगावाले नाहीत, चहावाले नाहीत. चाचांनी घरून थर्मास आणला होता. बाई फारसं बोलल्या नाहीत. पण ते गप्प बसणं निराळं होतं, खिडकीशी बसून बाहेर बघणाऱ्या माणसाचं.

इंडी रोडच्या फलाटावर आम्ही उतरलो. भाचा येणार हे ठरलेलं होतं. तो होता, आणि त्याच्या मागं लिंबाच्या झाडाखालच्या बाकापाशी एक बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, कपाळ मोकळं. भाचा गडबडून म्हणाला, "आई येऊ नको म्हटलं तरी आली, आत्या."

बाई जागच्या जागी थांबल्या. खरं तर आम्ही सगळेच थांबलो. बाईंच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात ह्या दोघींचं काय झालं होतं, ते भाच्यानं नंतर मला सांगितलं. बाईंना आईला सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. भावजय म्हणाली होती, ज्या लेकीला घरी रात्रभर राहायला सवड नाही तिनं आईवर हक्क सांगू नये. आई तिथंच गेली. त्या शब्दावर बाईंनी उंबरा सोडला. भाऊ मध्ये सापडला, आणि आपल्या पद्धतीनं तो दर महिन्याला फलाटावर येत राहिला.

भावजय दोन पावलं पुढं आल्या. इतक्या वर्षांत मला जेवढं कन्नड कळायला लागलं होतं, तेवढं त्यांचं बोलणं समजायला पुरेसं होतं.

"तुम्ही घरी येणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मीच आले," त्या म्हणाल्या. "ते इथंच यायचे ना? ते तुमच्याशी काय बोलायचे, मला कधी कळलं नाही. घरी येऊन सांगायचेच नाहीत." मग बाकावरची धूळ त्यांनी पदरानं झटकली. "कूड्री, अक्का. बसा."

बाई बसल्या. मधे एका माणसाची जागा सोडून, नियमाप्रमाणे. आम्ही तिघं लांब, नळाच्या कोंडाळ्यापाशी जाऊन उभे राहिलो. सुरुवातीला भावजयच बोलत होत्या. बाई समोर रुळांकडे बघत होत्या. मग त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि काहीतरी म्हणाल्या. भावजयीनं पदर तोंडाशी नेला. बाईंनी हात लांब करून मधल्या रिकाम्या जागेवर ठेवला, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर ती जागा उरलेली नव्हती.

परतीची गाडी आली. तात्या म्हणाले, "बाई! गाडी आली न्हवं!" बाईंनी नुसता हात हलवला. या म्हणून, की जा म्हणून, कळेना. तात्या पुन्हा हाक मारायला निघाले, तर चाचांनी त्यांचा दंड धरला.

"रहने दो, तात्या. बाई बात कर रईं."

आम्ही तिघं चढलो. बाईंची जागा खिडकीची होती. ती मोकळी ठेवून आम्ही समोर बसलो. गाडी हलली, तसे तिघंही दाराशी गेलो आणि हात करत राहिलो. डबे एकामागून एक त्या बाकासमोरून गेले. बाई भावजयीकडे तोंड करून बसल्या होत्या, हातवारे करत काहीतरी सांगत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.